टाकळा उगवेना, एकदांडी दिसेना

वेताळ टेकडीवर पावसाच्या दोन सरी झाल्या की टाकळा नुसता माजतो. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. तेच बी कोथरूडला आमच्या गच्चीत, चाळलेल्या मातीत, रोज पाणी घालूनही ढिम्म हलेना. शेजारच्या ट्रेमध्ये बोटभर खोल पेरलेली एकदांडीही उगवेना. आणि वाऱ्यानं उडून मातीवर नुसतं पडलेलं तिचं बी मात्र हिरवं झालं! मला काहीच कळेना.

टेकडीवर रोज भेटणाऱ्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या काकूंना विचारलं. “अरे, टाकळा पॉलिश पेपरवर घास आणि मग भिजव.” तपकिरी चकाकी जाऊन आतला फिकट ठिपका दिसेपर्यंत बी घासलं, रात्री वाटीत टाकलं. सकाळी घासलेलं बी टम्म फुगलेलं. न घासलेलं खड्यासारखं तळाशी, नखानं दाबलं तरी तसंच. त्याच्या कवचातून पाणी आत शिरतच नाही. टेकडीवर हे काम ऊन करतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी पारा ४० अंशांना टेकतो, उघडा मुरूम त्याहून तापतो आणि रात्री निवतो. या रोजच्या तापण्या-निवण्यानं कवचातली नाजूक जागा हळूहळू उघडते. जूनचा पाऊस आत शिरतो तो तिथून.

एकदांडीचं कोडं प्रकाशाचं. इवल्याशा बियांत शिदोरी थोडी. खोलवरून कोंब वर यायचा कसा? म्हणून उजेड लागल्याशिवाय ती उगवतच नाही. बियांमधलं फायटोक्रोम नावाचं प्रथिन लाल प्रकाश ओळखतं. पानं तो प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा, खाली सोडतात. डोक्यावर सावली आहे हे अनेक जातींच्या बियांना त्यावरून कळतं. असं थांबलेलं बी किती वर्षं तग धरतं, हे वाचून मी थक्क झालो. अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील यांनी १८७९ साली बिया भरून पुरलेल्या बाटल्यांपैकी एक २०२१ मध्ये उकरली, तीही रात्री, बियांना ऊन लागू नये म्हणून. त्यातल्या काही बिया उगवल्या!

टेकडीवरच्या ग्लिरिसिडियाच्या दाट सावलीत मला फारसं काही उगवलेलं दिसत नाही. तिथल्या मातीत कुणाकुणाचं बी थांबलं असेल? तिथली मूठभर माती आणून दोन ट्रेमध्ये पसरली आहे. एक उघड्या उन्हात, दुसरा जास्वंदीच्या पानांखाली. पाणी दोन्हींना सारखंच घालतोय.