सूर वेळेवर पोचला पाहिजे

श्रावणात नगर जिल्ह्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. मांडवातल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण करणं हे माझं काम. आमच्यात माईकवर तासन्‌तास बोललं जातं. पण माईकमधून निघालेला आवाज संगणकात कुठल्या वाटेनं जातो, हे क्वचितच कुणी विचारतं. मला ती वाट माईकइतकीच मोलाची वाटते.

हिशेब करून पाहा. बुवा, पखवाज, पेटी, वीणा, टाळकरी असे १६ ट्रॅक ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर घेतले, तरी सेकंदाला साधारण १८ मेगाबिट होतात. यूएसबी २.० ची क्षमता आहे ४८०. जागा भरपूर असूनही मुद्रणात मध्येच ‘टक्‌’ ऐकू येतो, कारण प्रश्न वेळेचा असतो. बफर १२८ सॅम्पलचा ठेवला, की संगणकाला दर २.७ मिलिसेकंदांनी आवाजाचा पुढचा तुकडा उचलावाच लागतो. टाळकऱ्याचे हात कितीही चपळ असोत, सम चुकली की चुकली, इथेही तसंच.

जुन्या पीसीआय कार्डांचं दुखणं वेगळं होतं. कार्ड थेट मेमरीत आवाज उतरवायचं, पण सगळ्या कार्डांत मिळून सेकंदाला १३३ मेगाबाइटची एकच सामाईक वाट असे. त्यात साउंड कार्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला एकच इंटरप्ट आला, की आवाज तडतडायचा. कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं, की पुष्कळदा काम भागायचं. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक कार्डाला स्वतःची मार्गिका मिळाली.

यूएसबीची रीत निराळी. यंत्र आपणहून बोलत नाही. कंट्रोलर विचारेल तेव्हाच उत्तर देतं. यूएसबी २.० मध्ये ही विचारपूस १२५ मायक्रोसेकंदांच्या ठेक्यावर चालते. आवाजासाठी जागा आधीच राखलेली असते, पण एखादं पॅकेट खराब झालं तर ते पुन्हा मागवायची सोय नसते. म्हणून पोर्टाच्या मागे कोणता कंट्रोलर आहे, याला महत्त्व येतं. रायझनच्या डेस्कटॉपवर काही पोर्ट थेट प्रोसेसरला जोडलेले असतात, बाकीचे चिपसेटमार्फत जातात. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. २०२१ मध्ये एएमडीच्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी मध्येच तुटत असल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीनं त्या मान्य करून बायोसमध्ये दुरुस्ती दिली. तेव्हा बिघाड दिसला, की आधी इंटरफेसला दोष देऊ नये.

मांडवात मी बफर १०२४ वर ठेवतो. गायकाला आवाज मिक्सरवरूनच ऐकू येत असल्यानं २१ मिलिसेकंदांचा उशीर कुणाला जाणवत नाही आणि संगणकाला उसंत मिळते. स्टुडिओत हेडफोन लावून गाणाऱ्यासाठी मात्र बफर लहानच लागतो. तिथे चिपसेटची खरी परीक्षा होते.

नव्यानं या कामात आलेल्यांना माझं सांगणं आहे : इंटरफेस हबवर लावू नका. बाहेरची डिस्क वेगळ्या कंट्रोलरवर घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यादी कनेक्शननुसार लावली, की कोण कुणाच्या मागे आहे ते कळतं. वाय-फाय बंद ठेवा. घरीच दोन तास सलग मुद्रण करून पाहा आणि ज्या पोर्टवर एकही ‘टक्‌’ आला नाही, त्यावर खूण करा. कीर्तन पुन्हा करून घेता येत नाही. तयारी मात्र आदल्या दिवशी नक्की करता येते.