भाडं थकलं की काय करावं?

मैत्रिणींनो, मागच्या दोन खोल्या भाड्याने देऊन संसाराला हातभार लावणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी असतील. इथे नागभीडला आमच्या बिऱ्हाडकरूंचं तीन महिन्यांचं भाडं थकलं आणि माझा अर्धवेळ शिकवण्याचा पगार किराण्यातच संपू लागला. धानगिरणीतलं त्यांचं काम बंद पडलं होतं.

“वीज तोडा, आपसूक जातील,” शेजारच्या काकू म्हणाल्या. पण आत दोन लेकरं अभ्यासाला बसलेली! शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये पाणी-वीज तोडायला मनाईच आहे. त्या कायद्याप्रमाणे आधी थकबाकीची लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबून मगच दावा लावायचा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने बाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, तर त्याचं घर वाचतं.

मात्र हा कायदा सरसकट सगळ्या गावांना लागू नाही. यादीबाहेरच्या गावी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. तिथे महिनेवारी भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस पुरते. तेव्हा आपलं गाव कशात बसतं, ते आधी वकिलांना विचारावं.

आम्ही नोटीस दिली, पण हप्तेही बांधून दिले. वहिनींनी रोवण्याच्या मजुरीतून पैसे आणले, मी दर वेळी पावती दिली. पोळ्यापर्यंत निम्मी बाकी फिटली.

बायांनो, बिऱ्हाड कितीही ओळखीचं असो, करारनामा लेखी करून नोंदवा. कागद चोख असला म्हणजे माया करायलाही भीती वाटत नाही.