मारुतीच्या कमरेएवढं पाणी

श्रावणात नाशिकला कुणाचाही फोन आला तरी तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी विचारतात, "मारुतीला कुठवर?" इकडून उत्तर जातं, "मांड्यांपर्यंत", नाहीतर "कमरेच्या वर गेलंय, वाढतंय". एवढ्यात सगळं कळतं. विचारणारा कधीच्या काळी पुण्याला स्थायिक झालेला असला तरी त्याच्या डोळ्यांसमोर घाट उभा राहतो: कुठली पायरी गेली, कुठली टपरी हलवावी लागली असेल, कुणाच्या दुकानात आता धावपळ असेल.

हा मारुती म्हणजे रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. शेंदरी, धिप्पाड, पुढूनमागून दोन्हीकडे तोंड असलेला. भक्त त्याला नारळ वाहतात, बाकी गाव त्याच्या अंगावर पूर मोजतं. घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा. या मोजपट्टीला आकडे नाहीत. शाळेत न गेलेल्या फुलवालीलाही ती वाचता येते.

आमच्या मामांचं भांडी बाजारात दुकान होतं. त्यांचा नियम ठरलेला. मांडीला पाणी लागलं की चोपड्या आणि खोकी माळ्यावर. छातीला लागलं की खालच्या फळीवरची तांब्यापितळेची भांडी वर. गळ्याशी आलं की शटर ओढायचं आणि घर गाठायचं. पितळेला पाण्याचं काय भय, असं मला लहानपणी वाटे. पूर ओसरल्यावर हंड्याच्या काठात बसलेला गाळ चिंचेनं घासताना मामींचे हात पाहिले, तेव्हा कळलं. मामा हवामानाच्या बातम्याही ऐकायचे, पण एका कानानं. दुसरा कान घाटावरून येणाऱ्या पोराकडे असायचा.

मारुती बुडाला तरी मोजणं थांबत नाही. पुढची खूण नारोशंकराच्या देवळाची घंटा. वसईच्या विजयाची आठवण सांगणारी ही घंटा घाटापेक्षा बरीच उंच टांगलेली. 1969 च्या पुरात पाणी तिथवर चढलं होतं, असं जुनी माणसं सांगतात, आणि सांगताना आवाज आपोआप खाली येतो. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, तेही हा पूर स्वतः पाहिल्यासारखा सांगतात. माझ्या मते पूररेषेच्या नकाशापेक्षा हे जास्त कामाचं. नकाशा कचेरीत असतो, घंटा रोज डोक्यावर असते.

हल्ली बातमी क्युसेकमध्ये येते. गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ 2 लाख 83 हजार लिटर. आकडा अचूक आहे, आणि तो नसता तर आपण आंधळेच असतो. कारण मारुती पाणी आल्यावर सांगतो, धरणावरचा माणूस सोडण्याआधी सांगतो. ते काही तास मोलाचे. पण दहा हजार म्हणजे माझ्या दुकानाच्या कितव्या पायरीला, हे आकडा सांगत नाही. शिवाय मारुतीच्या अंगाला लागतं ते एकट्या धरणाचं पाणी थोडंच असतं? शहरात पडलेला पाऊस आणि नाल्यांचा लोंढाही त्यात असतो.

सांगलीत हेच काम आयर्विन पूल करतो. तिथं फूट बोलतात: 40 ला इशारा, 45 ला धोका. कोल्हापुरात राजाराम बंधारा, 39 आणि 43. चहाच्या गाड्यावरचा माणूसही हे आकडे घडाघडा सांगतो. तरीही 2019 च्या ऑगस्टमध्ये पुष्कळ घरं वेळेत सुटली नाहीत. 2005 चं पाणी जिथं थांबलं होतं ती रेघ भिंतीवर होती, मनात होती. त्या वेळी उंबऱ्याला लागलं नाही, आता कसं लागेल? लागलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. खूण गेल्या पुराची असते, येणाऱ्याची हमी ती देत नाही. नदीकाठ भराव टाकून आवळला, पात्रात काँक्रीट ओतलं, की तेवढंच पाणी अंगावर जास्त चढतं. मारुती तोच, त्याची कंबर तीच. बिघडलेला असतो तो कमरेचा अर्थ.

म्हणून मला वाटतं, ही मोजपट्टी दर पावसाळ्यानंतर नव्यानं लावून पाहावी. किती विसर्ग, शहरात किती पाऊस, किती तासांनी मारुतीला कुठवर, आणि तेव्हा सराफ बाजारात काय झालं, हे घाटावरच्या माणसांना विचारून मांडलं तर पुढच्या वर्षी धरणावरच्या संदेशात सरळ लिहिता येईल: चार वाजेपर्यंत कमरेच्या वर. अवघड काहीच नाही. टपरीवाले हे हिशेब तोंडी ठेवतातच, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

एक मात्र नवीनच त्रास झालाय. जोराचा पाऊस सुरू झाला की बुडालेल्या मारुतीचा फोटो मोबाइलवर फिरू लागतो आणि तो बहुधा कुठल्यातरी जुन्या पुराचा असतो. त्यामुळे भाच्याची माझ्याकडे एकच मागणी असते: "फोटो पाठवू नकोस मावशी, घाटावर कुणाला तरी फोन लाव."