जागणाऱ्याचा अंगठा

आपल्या उशाशी रात्र जागवणारा मुलगा वा नातू हातात खेळाचा चिमुकला संगणक घेऊन बसत असेल, तर त्याच्यावर रागावू नका. जागरणात मनाला विरंगुळा हवाच. मात्र त्याच्या अंगठ्याची चौकशी अवश्य करा.

२०१८ साली आलेला ‘जीपीडी विन २’ याच जातीचा. सहा इंची पडदा, खाली जॉयस्टिक आणि इवलासा कळफलक. वजन सुमारे ४६० ग्रॅम. तो बोटांवर पेलायचा आणि खेळायचे, टंकायचे ते अंगठ्यांनी.

अंगठा मागे ताणणारे दोन स्नायुरज्जू मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून सरकतात. सततच्या ताणाने ते आवरण जाड होते आणि प्रत्येक हालचाल दुखते. फ्रित्स द केर्व्हँ या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली या विकाराचे वर्णन केले. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या मातांमध्ये तो आम्हां डॉक्टरांना नेहमी दिसतो. अंथरुणावरच्या वडिलांना अंगठे ताणून उठवणाऱ्या मुलाचे हात तेच तर करतात! त्यात रात्रभर खेळ. मग ऐन उठवताना कळ येते, पकड सुटते आणि पडतात ते वडील.

म्हणून यंत्र मांडीवरच्या उशीवर टेकवावे, अधूनमधून हात मोकळे सोडावेत. रुग्णाला काखेत धरून ओढू नये. त्याच्या खांद्यालाही इजा होते. अंगठा बोटांलगत ठेवून तळहाताने पाठीला आधार द्यावा. दुखणे टिकले तर मलम चोळत न बसता डॉक्टरांना मनगट दाखवावे. पुष्कळदा अंगठ्याला आधारपट्टी बांधून विश्रांती दिल्याने आराम पडतो. आणि आठवड्यातून दोन रात्री तरी जागायला घरातले दुसरे कुणी बसावे.