आभाळाच्या भरवशावरचे मैदान

अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाण्याची थंड हवा विदर्भात प्रसिद्ध आहे. तरी पौषातल्या निरभ्र रात्री तेथे हरभऱ्यावर दव तेवढे साचते. पाणी काही गोठत नाही. म्हणून हिवाळ्यात सिमल्यास जाणाऱ्या बुलढाणेकराने लक्कड बाजाराजवळचे स्केटिंगचे मैदान अवश्य पाहावे.

१९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने टेनिसच्या कोर्टावर पाणी गोठवून ते सुरू केले. त्याचा कारभार पुढे सभासदांच्या क्लबाकडे राहिला. काम दिसायला साधे, करायला चिकाटीचे. ऊन कलल्यावर पाण्याचा पातळ थर द्यावयाचा, तो गोठला की दुसरा. घाईने पुष्कळ पाणी सोडले तर वर पापुद्रा धरतो आणि खाली पोकळ राहते. शिवाय आकाश स्वच्छ हवे. ढग आले की जमिनीची ऊब अडते व बर्फ धरत नाही. सायंकाळी खेळ होणार असल्यास लाल फुगा चढवून गावास कळविण्याची तेथली जुनी रीत आहे.

व्यापाऱ्यास हा व्यवहार विचित्र वाटेल. वर्गणी आधी जमा होते, माल मात्र आभाळाच्या मर्जीने मिळतो. अलीकडे हिवाळे उबदार झाल्याने खेळाची सत्रे घटली आहेत. यंत्राने बर्फ करण्याची योजना पुढे आली आहे. त्याने दिवस वाढतील, परंतु विजेचे बिल वर्गणीत भागणे अवघडच.

जाणाऱ्याने सकाळी लवकर पोहोचावे. स्केट्स तेथे भाड्याने मिळतात. ऊन चढल्यावर बर्फ मऊ पडतो.