दुबईतले सोनापूर

सोनापूर म्हटले की मुंबईच्या जुन्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आमचे बालपण डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत गेले. चाळीत कुणी फार आजारी पडले की म्हातारी माणसे हळूच म्हणायची, 'आता याची सोनापूरची वाट.' मरीन लाइन्सच्या स्मशानाचे ते नाव. म्हणून 'काका, मी दुबईत सोनापूरला राहतो' असे पुतण्याने फोनवर सांगितले, तेव्हा आम्ही दोघे नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघतच राहिलो.

हे दुबईचे सोनापूर म्हणजे मुहैसना भागातली कामगारांची मोठी वस्ती. आपल्याकडून गेलेल्या कामगारांमध्ये तिचे हेच नाव रूढ आहे. सोन्याचे गाव, या अर्थाने. 2025 च्या जानेवारीत आम्हाला ते पाहण्याचा योग आला. आमची भाची दुबईत परिचारिका आहे. तिने आणि भाचजावयाने महिनाभराचा व्हिजिट व्हिसा काढून आम्हाला बोलावले होते.

निघण्याआधीच धडे सुरू झाले. हिने भाचीसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले होते. भाचीचा फोन आला, 'मामी, लाडवात खसखस घालू नका. सुटी पुडीही आणू नका.' आपल्याकडे वाटणात रोज लागणारी खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. विमानतळावर सापडली तर तुरुंगाची पाळी येते. दुखण्याच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांचेही तसेच. अशी औषधे न्यायची तर डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, आणि कित्येक गोळ्यांसाठी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. मला माहीत नव्हते, ही सबब कुठल्याच मुलखात चालत नाही.

भाचीचे घर अल कुसैस भागात. एक खोली आणि स्वयंपाकघर, पण कागदोपत्री पक्के. तिथे भाडेकरार सरकारदरबारी नोंदवावा लागतो. त्याला 'इजारी' म्हणतात. घरात राहणाऱ्यांची नावे त्यात लागतात. कुटुंबाला आणायचे तर महिना किमान 4000 दिरहम पगार, किंवा 3000 आणि कंपनीचे घर, असा नियम आहे. तेव्हा एका दिरहमला साधारण 23 रुपये पडत होते. ज्याचा पगार हजार-बाराशे दिरहम, त्याने बायको-मुलांना आणायचे नावच काढू नये. म्हणून तर सोनापूर वसले.

पहिले काही दिवस आम्ही दुबई पाहिली. 828 मीटर उंचीची बुर्ज खलिफा मान मोडेपर्यंत पाहिली. बिनचालकाच्या मेट्रोत बसलो. खरी गंमत वाटली ती खाडीची. एक दिरहम देऊन 'अब्रा' नावाच्या लाकडी होडीतून देरा ते बर दुबई पार करता येते. होडीत हिंदी, मल्याळम, बंगाली, उर्दू सगळे कानावर पडते. भाचजावई म्हणाले, 'मामा, 1966 पर्यंत इथे आपलाच रुपया चालायचा.' हा देश, म्हणजे संयुक्त अरब अमिराती, 1971 साली स्थापन झाला आणि दिरहम 1973 साली आला. रुपया गेला, पण रुपयासाठी येणारी माणसे थांबली नाहीत.

मग एका रविवारी आम्ही सोनापूरला गेलो.

रस्त्यावर धूळ, कडेला कंपन्यांच्या बस रांगेने उभ्या. इमारती चाळीसारख्या लांबलचक आणि प्रत्येक कठड्यावर वाळत घातलेले निळे कामाचे कपडे. पुतण्याच्या खोलीत एकावर एक असे सहा पलंग. सुट्टीचा दिवस, म्हणून सामाईक स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता. आम्ही आत शिरताच दोन-तीन पोरे उठून 'जयभीम काका, जयभीम काकू' म्हणाली. एक परभणीचा, एक वाशीमचा, एक बिहारचा. हिचे डोळे तिथेच भरून आले.

जेवताना पोरे मोकळी झाली. पुतण्याच्या शेजारचा पलंग रिकामा होता. तिथला पोरगा 2023 साली आला होता. एजंटाने सव्वा लाख घेतले आणि हातात व्हिजिट व्हिसा ठेवला. म्हणाला, तिथे गेल्यावर नोकरीचा करून देतील. या व्हिसावर काम करणे हाच तिथे गुन्हा. त्याने गाड्या धुतल्या, पगार मिळाला नाही, आणि तक्रार करायलाही तोंड उरले नाही. व्हिसाची मुदत संपली. मुदतीबाहेर राहिल्यास दंड दिवसाला 50 दिरहम, म्हणजे आपले अकराशेच्या वर रुपये. तीनशे दिवसांचे 15 हजार दिरहम झाले. 2024 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात सरकारने अशा लोकांना माफी दिली, दंड सोडला, म्हणून तो घरी पोचला. आईचे डोरले मात्र अजून सावकाराकडे आहे.

परभणीचा पोरगा बराच वेळ गप्प होता. त्याचे वडील वारले तेव्हा त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि किल्ली ज्या साहेबाकडे तो गावाला गेलेला. हा घरी पोचला तो थेट पुण्यानुमोदनाच्या दिवशी. 'काका, बापाचे तोंड दिसले नाही,' एवढेच म्हणाला. कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे त्या देशात बेकायदा आहे. पण त्याला ते तेव्हा ठाऊक नव्हते. नंतर सहायता केंद्रात गेल्यावर कळले. आम्ही काय बोलणार? हिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

परतताना आम्ही पुतण्याला विचारले, 'मग तू कसा टिकलास?' त्याने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि प्लॅस्टिकची एक पिशवी काढली. त्यात नोकरीच्या देकाराचे पत्र, करार, विमा, पगाराच्या पावत्या आणि प्रत्येकाची झेरॉक्स. 'काका, इथे आपली ओळख हीच.'

त्या पिशवीत काय काय दडले आहे ते त्याने आणि भाचजावयाने आम्हाला समजावून दिले. ते आमच्या वाचक बंधू-भगिनींनी लिहून ठेवावे.

तिथला सध्याचा कामगार कायदा 2021 चा, तो फेब्रुवारी 2022 पासून लागू झाला. रोज 8 तास, आठवड्याला 48 तास काम. आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी. वर्ष भरले की 30 दिवसांची रजा. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत भर उन्हात काम करवून घ्यायला बंदी. देकारपत्रावर सही घेण्याआधी ते कामगाराला कळेल अशा भाषेत दिले पाहिजे, हिंदीतही मिळते. पगार बँकेमार्फत किंवा हुंडी-विनिमयाच्या दुकानातून सरकारी नोंदीसह द्यावा लागतो. ही पद्धत 2009 पासून आहे. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च मालकाचा.

नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. वर्ष पुरे झाले असेल तर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा, पुढे दरवर्षी 30 दिवसांचा मूळ पगार. यात एक मेख आहे. हिशेब मूळ पगारावर होतो, एकूण पगारावर नाही. मूळ पगार 1000 दिरहम असेल तर पाच वर्षांचे 3500 होतात. एजंट 'अठराशे मिळतील' म्हणून सांगतो, पण करारात मूळ पगार सहाशे लिहिलेला असतो. मग पाच वर्षांनी हातात 2100 पडतात. म्हणून सहीआधी मूळ पगाराचा आकडा बोट ठेवून विचारावा.

भांडण झाले तर कामावर जाणे एकदम बंद करू नये. सात दिवसांवर गैरहजर राहिल्यास 'पळाला' अशी तक्रार मालक करू शकतो. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे आधी आपण तक्रार नोंदवावी. त्याला कामगाराला पैसे पडत नाहीत. 2024 पासून 50 हजार दिरहमपर्यंतच्या दाव्यात मंत्रालयच निर्णय देते. शिवाय आपल्या वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र दुबईत आहे.

आणखी एक गोष्ट पोरांनी सांगितली. एप्रिलमध्ये जयंती आली की आपला हात सवयीने वर्गणीच्या वहीकडे जातो. तिथे परवानगीवाचून वर्गणी गोळा करणे गुन्हा आहे, मोबाइलवर आवाहन केले तरी. पोरे खोलीतच खीर करतात आणि वंदना घेतात. न विचारता कुणाचा फोटो काढणे, रागाच्या भरात मोबाइलवर शिवी लिहिणे, यानेही माणूस कोर्टात उभा राहतो.

आता इकडची तयारी. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असते. अशा माणसाला आखाती देशात नोकरीला जाण्यापूर्वी आपल्या सरकारच्या प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स कार्यालयाची मंजुरी लागते. हे 1983 च्या कायद्याने आहे आणि ते आपल्या रक्षणासाठी आहे. त्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेत 10 लाखांचा अपघाती विमा मिळतो. 30 वर्षांखालील ईसीआर पासपोर्टच्या बाईला ही मंजुरी मिळत नाही. एजंट तिला टुरिस्ट व्हिसावर नेतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. एजंट परवानाधारक आहे की नाही ते सरकारच्या 'ई-मायग्रेट' यादीत पाहावे. त्याला सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि जी.एस.टी. एवढेच घेता येते. पावती मागावी. पावती देत नाही तो एजंट नव्हे.

जाण्याच्या आदल्या दिवशी पुतण्या भेटायला आला. बोलता बोलता म्हणाला, 'काका, मायदेशी पाठवायच्या मृतदेहांना लेप लावतात ते सरकारी केंद्रही सोनापुरातच आहे.' म्हणजे चाळीतल्या म्हाताऱ्यांचे सोनापूर आणि या पोरांचे सोनापूर एकाच रस्त्यावर निघाले. आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

विमानात बसताना पुतण्याने त्याच्या पिशवीतल्या सगळ्या कागदांचा एक संच आमच्या हातात दिला. 'घरी ठेवा. इथे काही झाले तर तुमच्याकडे पाहिजे.' तो संच आज आमच्या कपाटात, रेशनकार्डाशेजारी आहे. ज्यांचा मुलगा, भाऊ, नवरा परमुलखात आहे, त्यांनी आज रात्री फोनवर एवढेच विचारावे: 'बाळा, तुझा पासपोर्ट कुणाकडे आहे? आणि त्याची झेरॉक्स आपल्या घरात आहे का?'