माघात सुरू होणारा हंगाम

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत उरकली की आमच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक धावणाऱ्यांचा हंगाम संपतो. माघ लागतो, थंडी ओसरते, हापूसचा मोहर कणी धरू लागतो, सकाळी आठलाच पाठीवर घामाची धार लागते, आणि ‘आता पाऊस पडल्यावर बघू’ असं म्हणून बूट माळ्यावर जातात. मालवण, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात धावताना आणि इतरांना धावायला शिकवताना माझं मत याच्या नेमकं उलट होत गेलं आहे. दमसास कमावण्याचा हंगाम माघातच सुरू होतो. मार्गशीर्ष-पौषातली गार हवा वेगासाठी असते. त्या हवेत आपण आधी साठवलेलं खर्च करत असतो. साठवण करायची ती माघ-फाल्गुनात, शिमग्याच्या मागेपुढे, वाळूत, सड्यावर आणि घाटात, सावकाश आणि तासन्‌तास. या काळात किनाऱ्याला जे मिळतं, ते मिळवण्यासाठी थंड देशांतले खेळाडू बराच खर्च आणि खटाटोप करतात. आपण मात्र ते अडचण समजून टाळतो.

थंडीच्या अखेरीला लांब पल्ला गाठायचा, ही बर्फाच्या देशांतली जुनी रीत. स्वीडनमधली सालेन ते मोरा ही ९० किलोमीटरची स्कीची शर्यत, वासालोपेट, १९२२ साली सुरू झाली आणि आजही मार्चच्या पहिल्या रविवारी होते. नॉर्वेतली बिर्केबाइनर शर्यत १९३२ पासूनची. रेना ते लिलेहामर असं डोंगर ओलांडून ५४ किलोमीटर, पाठीवर साडेतीन किलोंचं ओझं सक्तीचं, आणि तीही मार्चमध्येच. तोवर दिवस मोठा झालेला असतो आणि बर्फ दबून घट्ट झालेलं असतं. पण त्याहून महत्त्वाचं कारण म्हणजे त्या दिवसापर्यंत खेळाडूंच्या पायांत कित्येक महिन्यांचे संथ तास जमा झालेले असतात. नॉर्वेची मारित ब्योर्गेन ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ पदकं मिळवणारी स्कीपटू. तिच्या सतरा वर्षांच्या सरावाच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऐन भरातल्या वर्षांत ती वर्षाला ९०० तासांहून अधिक सराव करत होती, आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग अशा गतीचा होता की शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात. नॉर्वेतच काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी वल्हवणारे, सायकलपटू, धावपटू, स्कीपटू अशा वेगवेगळ्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही चित्र तेच दिसलं: पाचातली चार सत्रं हलकी, एखादंच जोराचं. जगातली सर्वांत चिवट माणसं आपला बहुतेक वेळ हळू जाण्यात घालवतात, ही गोष्ट आपल्याकडच्या हौशी धावपटूच्या गळी उतरवणं फार अवघड जातं.

हळू जाण्यानं शरीरात काय घडतं हे समजलं की त्यातलं नवल ओसरतं. दर ठोक्याला हृदय अधिक रक्त बाहेर टाकू लागतं. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात, आणि शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला शिकतं. ही सगळी कामं तासांवर होतात, वेगावर नाही. वेग वाढवला तर यातली काही कामं थोड्या वेळात होतात खरी, पण त्याची किंमत दुसऱ्या दिवशीच्या थकव्यात मोजावी लागते. शिवाय स्नायू काही आठवड्यांत बळावतो; घोट्याचा कंडरा आणि नडगीचं हाड यांना महिने लागतात. आमच्याकडे फेब्रुवारीत जे पाय दुखावतात, त्यांतले बरेचसे जानेवारीतल्या वेगाचं देणं फेडत असतात. म्हणून माघाचा पहिला पंधरवडा मी कुणालाही घड्याळ लावू देत नाही. एकच कसोटी ठेवतो: चढावर असताना एक पूर्ण वाक्य, मध्ये श्वास न तुटता, बोलता आलं पाहिजे. नाही आलं, तर चालायला लागायचं. घाटात चालणं म्हणजे हरणं नाही. दाणोलीहून आंबोलीकडे चढताना रस्ता पाचशे-सहाशे मीटर उंची घेतो. त्या चढणीवर भराभर चालणाऱ्याची नाडी सपाटीवर पळणाऱ्याइतकीच वर जाते, आणि सांध्यांना बसणारा दणका मात्र फार कमी असतो.

बर्फाला सर्वांत जवळची वस्तू आपल्याकडे कोणती, असं विचारलं तर मी वाळूकडे बोट दाखवीन. पाऊल रुततं, जोर मागे वाया जातो, तोल सावरण्यासाठी घोट्यापासून कमरेपर्यंतचे बारीक स्नायू सतत राबतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोजलं गेलं की कठीण जमिनीच्या तुलनेत त्याच वेगानं वाळूत चालायला दुपटीहून अधिक, जवळजवळ पावणेतीनपटीपर्यंत ऊर्जा लागते. धावायला सुमारे १.६ पट. म्हणजे हळू जाऊनही काम भरपूर होतं, आणि आघात कमी. पण तारकर्लीची वाळू सकाळ-संध्याकाळ एकसारखी नसते, आणि इथे कोळ्यांचा हिशेब कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्या-पौर्णिमेला, उधाणाच्या दिवसांत, भरती दुपारी बाराच्या आसपास येते. म्हणजे ओहोटी पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि ओली, घट्ट, रुंद वाळू नेमकी सरावाच्या वेळी उघडी पडते. अष्टमीला भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती, आणि पहाटे सहाच्या सुमारास पाणी वर असतं. तेव्हा किनाऱ्याचा उरलेला उतरता, भुसभुशीत पट्टा एका पायाला उंच आणि एका पायाला सखल पडतो आणि कमरेची वाट लावतो. त्या आठवड्यात सड्यावर जावं. जांभ्याच्या सड्यावरची कडक पायवाट, मध्येच घाटीचा छोटा उतार, काजूच्या बागांमधून पुन्हा चढ. पंचांग पाहून सराव आखणं कुणाला मागासलेपणाचं वाटेल. किनाऱ्यावर ते निव्वळ व्यवहाराचं आहे. पहिल्या आठवड्यात मात्र वाळूत वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नये, कारण पोटरी आणि टाच यांना ती सवय नसते. अनवाणी तर बेतानंच.

यावर पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप उन्हाचा. माघ-फाल्गुनात किनाऱ्यावर ऊन किती चढतं, हे इथल्याला सांगायला नको. कोकणात पारा सर्वांत वर जातो तो अनेकदा मे महिन्यात नव्हे, मार्चमध्ये. या दिवसांत घाटमाथ्यावरून उतरणारे पूर्वेचे कोरडे वारे समुद्रावरचा वारा अडवून धरतात, खारा वारा दुपारपर्यंत सुटतच नाही, आणि तोवर हवा तापत राहते. पहाटे गारवा असतो, पण दमटपणा इतका की घाम सुकत नाही. अकराला कोरडी भट्टी. दुपारनंतर पुन्हा दमट. उष्माघातानं तरुण, धडधाकट माणसंही दगावतात, आणि भर दुपारी घाट चढायला पाठवणारा प्रशिक्षक गुन्हाच करत असतो. पण धोका आहे म्हणून ऊन पूर्ण टाळणं हाही अर्धवट विचार. शरीर उन्हाला सरावतं, आणि दहा ते चौदा दिवसांत सरावतं: रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटतो, घामातलं मीठ कमी होतं, त्याच वेगाला नाडी कमी पडते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल खाणींत नव्या कामगारांना आधी उष्ण खोलीत राबवून मग खाली सोडण्याची पद्धत याच जाणिवेतून आली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी सरावलेल्या सायकलपटूंना दहा दिवस ४० अंशांत व्यायाम करायला लावला, तेव्हा गार हवेतही त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाच टक्क्यांनी वाढलेली दिसली. गार हवेत इतका फायदा होतो का, यावर नंतर वाद झाले आणि ते वाद खरे आहेत. पण उन्हातल्या शर्यतीसाठी फायदा होतो याबद्दल दुमत नाही. आणि नॉर्वेतल्या लिलेहामरमध्ये, जिथे बिर्केबाइनर संपते त्याच गावात, बेंट रोनेस्टाड यांच्या गटानं अव्वल सायकलपटूंना पाच आठवडे, आठवड्यातून पाच वेळा, ३८ अंशांच्या आसपास तापवलेल्या खोलीत हलका व्यायाम करायला लावून त्यांच्या रक्तातलं एकूण हिमोग्लोबिन वाढवून दाखवलं. मालवणात ती खोली बांधावी लागत नाही. फक्त तिच्यात किती वेळ थांबायचं हे ठरवावं लागतं.

माझा ठराव असा. पहाटे अंधारात निघून ऊन चढायच्या आत परतणं हा पहिला आठवडा. मग हळूहळू शेवटची वीस मिनिटं, पुढे अर्धा-पाऊण तास, कोवळ्या उन्हाकडून तापत्या उन्हात सरकू द्यायची, साडेनऊच्या पुढे कधीच नाही. वेग नाडी ठरवील; उन्हात त्याच वेगाला ठोके चढत जातात, म्हणून ठोके धरून ठेवायचे आणि वेग सोडून द्यायचा. डोकं जड होणं, अंगावर शहारे, घाम थांबणं, बोलण्यात असंबद्धपणा, यांतलं काहीही दिसलं की सराव संपला; त्या माणसाला ताबडतोब सावलीत नेऊन पाण्यानं भिजवायचं, आणि भान सुटलेलं दिसलं तर भिजवतानाच दवाखान्याची गाडी बोलवायची. पाण्याच्या बाबतीत अती करणंही घातक, कारण घामात मीठ जातं आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. घरी उकड्या तांदळाची पेज मिठासकट असताना रंगीत बाटल्यांची गरज मला वाटत नाही. तांदळाचा स्टार्च, पाणी आणि मीठ: जुलाबावरची तांदळाची जलसंजीवनी याच मेळावर उभी आहे. परतल्यावर एक वाडगा पेज आणि सोबत लोणच्याची फोड, एवढं पुरतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ब्योर्गेनला वर्षाला ९०० तास मिळत होते. बँकेत किंवा शाळेत नोकरी करणाऱ्याला आठवड्याला पाच तास मिळतात. त्यानं त्यातले चार तास रमतगमत घालवले तर तो फक्त मंद होईल, असं म्हणणारे प्रशिक्षक चांगले अनुभवी आहेत आणि त्यांचं म्हणणं मी पूर्ण खोडत नाही. पाच तासांच्या माणसानं व्यावसायिकांचं प्रमाण जसंच्या तसं उचलू नये. आठवड्यात एक जोराचं सत्र त्यालाही हवंच, आणि ते छोट्या घाटीवर, चार-सहा वेळा वर जाऊन, सर्वांत गार वेळी करावं. पण हौशी माणसाची खरी अडचण तो हळू जातो ही नसते. तो रोज मध्यमच जातो. हलकं म्हणून निघतो आणि पुढच्याला गाठायच्या नादात धापा टाकत परततो. जोराच्या दिवशी मग पायांत जोर उरत नाही. वाळू, चढ आणि ऊन या तिन्हींचा मला दिसलेला सर्वांत मोठा उपयोग हाच, की ती मध्यम वेग टिकू देत नाहीत. तारकर्लीच्या मऊ वाळूत नाटक चालत नाही. श्वास तुटतो आणि माणूस मुकाट्यानं हळू होतो. तशा आठ आठवड्यांनी तो मंद झालेला नसतो. त्याच नाडीला तो अधिक वेगानं जाऊ लागलेला असतो, आणि हे मुरमाच्या एकाच सपाट रस्त्यावर दर पंधरवड्याला तपासून पाहता येतं.

‘धावणं हा देशावरच्या लोकांचा खेळ, किनारा पोहण्या-वल्हवण्याचा,’ असंही ऐकू येतं. पुरावा म्हणून नावं पुढे येतात: नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत, साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर, बीडमधल्या मांडव्याचा अविनाश साबळे. नावं खरीच आहेत. पण साबळेंचा मार्ग नीट पाहिला तर त्यात मांडवा एकटं नाही. लहानपणी शाळेसाठीची रोजची काही किलोमीटरची पायपीट, मग महार रेजिमेंटमध्ये भरती, सियाचीनच्या बर्फातली नेमणूक, त्यानंतर राजस्थानचं वाळवंट, आणि त्याही नंतर क्रॉसकंट्रीचा सराव. त्यांचा वेग कशातून आला हे मी सांगू शकत नाही. पण तोंडी लागलेला ‘देशावरची हवा’ हा खुलासा अपुरा आहे एवढं यातून दिसतं. शेजारच्या कर्नाटकात कोडगू हाही पश्चिम घाटातलाच जिल्हा, तिथे बर्फ पडत नाही, तरी तिथली भवानी थेक्कडा नंजुंडा नॉर्डिक स्कीइंगमध्ये भारताकडून उतरते. आणि किनाऱ्याला दम नाही असं म्हणणाऱ्यानं रापणीचं जाळं ओढलं जाताना एकदा शेवटपर्यंत उभं राहावं. दोन्ही दोरांवर माणसं रांगेनं लागलेली, टाचा वाळूत रोवून, अंग मागे टाकून, एका लयीत, घाई न करता, तासन्‌तास. स्कीच्या प्रशिक्षकाला जे हवं असतं, ते तिथे जाळं ओढण्यात आहे. कमी आहे ती शर्यतींची, प्रशिक्षकांची आणि धावपट्ट्यांची. हवेला दोष देऊन ती भरून निघणार नाही.

घाटाबद्दल थोडं अधिक, कारण तिथे चुका महागात पडतात. चढण पायांना घडवते, उतरण मांड्यांना फोडते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आवळले जातात आणि दोन दिवस जिना उतरवत नाही. सुरुवातीचे तीन-चार रविवार आंबोलीपर्यंत चढावं आणि एसटीनं खाली यावं. उतरण पुढे, थोडी थोडी, छोट्या पावलांनी वाढवावी. आंबोलीचा रस्ता वाहतुकीचा आहे, वळणांवर बाजूला जागा नाही, तेव्हा पहाटेच चढावं आणि अंगात उठून दिसणारा रंग असावा. नारूरकडून रांगणा गडाला जाणाऱ्या जुन्या वाटेवर गाड्या नाहीत, सावलीही जास्त, पण फाल्गुनात झरे आटलेले असतात आणि वणव्याचा धूर लागू शकतो. तिथे एकट्यानं जाऊ नये आणि पाणी घरूनच न्यावं.

चैत्र संपता संपता रात्रीही उकडू लागतं आणि झोपेत शरीर सावरत नाही. तेव्हा तास निम्म्यावर आणावेत, पण थांबू नये. उन्हाची कमावलेली सवय दोन-तीन आठवड्यांत उतरते, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी अंगाला तो ताप दाखवत राहावं. घाटातला लांब पल्ला मात्र मृगाच्या आधी पूर्ण करून घ्यावा, कारण पाऊस लागला की आंबोलीत धुकं, शेवाळ आणि दरडी, आणि साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात येऊन ठेपते. तिच्यासाठी श्रावणात पळायला सुरुवात करणाऱ्याला यवतेश्वरच्या घाटात पहिल्या पाच किलोमीटरमध्येच उशीर झाल्याचं कळतं.